टप बसवायचा होता, बसलो कमानी सरळ करत

आमच्या गल्लीत तिसऱ्या घरात एक म्हातारबा राहतात, वय ७८, जन्मभर लेथवर काम केलेले, आणि त्यांच्या गॅरेजात १९३२ ची फोर्ड रोडस्टर आहे. आम्ही राहतो लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, पोमोनापासून वीसेक मिनिटांवर, म्हणजे जुन्या गाड्यांत फेरफार करून त्या वेगात पळवणाऱ्या हॉट रॉडवाल्यांच्या अगदी माजघरातच म्हणा ना. मी सांगलीचा, शिक्षण मेकॅनिकल, नोकरी पंपांच्या कंपनीत. शिलाईशी संबंध एवढाच की मामाचं रिक्षाचे हूड शिवायचं दुकान आहे आणि लहानपणी सुट्टीत तिथे बसून मी बटणं ठोकायचो. एवढ्या भांडवलावर या गाडीला नवीन टप करायच्या कामात पडलो आणि आठ महिने पडूनच राहिलो. काय केलं, काय चुकलं, का चुकलं ते सगळं लिहून ठेवतोय, कारण असलं काम कुणी आपल्या जीपला नाहीतर जुन्या गाडीला करायला घेतलं तर पहिलं कापड तरी वाया जाऊ नये.

आधी गाडी काय आहे ते सांगतो. १९३२ साली फोर्डने व्ही-एट इंजिन स्वस्त गाडीत घातलं, २२१ क्युबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर, आणि त्या सालच्या गाडीला इथे लोक प्रेमाने ड्यूस म्हणतात. रोडस्टर म्हणजे दाराला वरखाली होणारी काच नसलेली उघडी गाडी, पाऊस आला तर कापडी टप ओढायचा आणि बाजूला पडदे लावायचे. काच वरखाली होत असेल तर ती कॅब्रिओले, रोडस्टर नव्हे, आणि यावर इथले लोक आपल्याकडच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासारखे तावातावाने भांडतात. त्या काळातली पोरं या गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात उचलायची आणि वाळवंटातल्या सुकलेल्या तळ्यांवर नेऊन पळवायची. मुरॉक म्हणून तळं होतं, तिथे आता एडवर्ड्स हवाई तळ आहे, आणि एल मिराजला तर अजूनही पळवतात. १९३७ मध्ये या पोरांच्या क्लबांनी मिळून एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) नावाची संघटना काढली ती आजही चालू आहे. आता वेगात पळायचं तर वजन कमी पाहिजे, मग मडगार्ड काढा, टप काढा, पुढची काच कापून बुटकी करा. म्हणून झालं काय, की या गाड्यांचे पत्रे टिकले, इंजिनं बदलत राहिली, पण टपाचा लोखंडी सांगाडा बहुतेकांनी कधीच भंगारात घातला. आमच्या म्हातारबांच्या गाडीचाही गेला, त्यांच्या आधीच्या मालकाच्याच काळात. आणि काच वरून २ इंच कापलेली. इथे त्याला चॉप म्हणतात.

पन्नास वर्षं बिनटपाची गाडी चालवली, मग आताच टप कशाला? तर त्यांच्या बायकोला डॉक्टरांनी ऊन वर्ज्य केलं. रविवारी सकाळी दोघं फूटहिल बुलेव्हार्डवरून, म्हणजे जुन्या रूट ६६ वरून, नाश्त्याला जायची ती गंमत बंद झाली. आजी गाडीत बसेनात आणि आजोबांना एकट्याने जाववेना. मला एवढंच म्हणाले की तुझ्या मामाचं दुकान आहे ना टपाचं. आता रिक्षाचं हूड वेगळं आणि हे वेगळं हे मला कळत होतं, पण नाही म्हणवलं नाही.

बाजारात ड्यूससाठी तयार टप मिळतात, पण ते मूळ उंचीच्या काचेसाठी किंवा ठरावीक चॉपसाठी, ठरावीक सांगाड्यासकट. दोन कारागिरांना विचारलं. एकाने वर्षभराची रांग सांगितली, दुसऱ्याने आकडा सांगितला तो ऐकून म्हातारबांनी टोपी काढून परत घातली.

मग प्रश्न आला घडीचा टप की उचलून ठेवायचा टप. दुसरा प्रकार दिसायला फार देखणा. लॉस एंजेलिसात व्हरमाँट अ‍ॅव्हेन्यूवर कार्सन नावाचं दुकान होतं, त्यांनी तीस-चाळीसच्या दशकात आतून गादी भरलेले, घडी न होणारे टप केले, अख्खा टप टोपीसारखा उचलून बाजूला ठेवायचा. आजही तसल्या टपाला लोक कार्सन टपच म्हणतात. करायलाही तो सोपा, कारण सांगाडा हलतच नाही. पण तो घरी काढून ठेवला आणि दुपारी ऊन लागलं तर काय करायचं? आणि उचलायला दोन माणसं लागतात. आमच्या अटी तीनच होत्या: ७८ वर्षांच्या माणसाला एकट्याने दहा मिनिटांत चढवता आला पाहिजे, सहा फूट एक इंचाच्या त्या माणसाचं डोकं कमानीला लागता कामा नये, आणि गाडी घोड्याच्या बग्गीसारखी दिसता कामा नये. म्हणजे घडीचाच टप.

तिसरी अट सगळ्यात अवघड निघाली. काच २ इंच खाली आली म्हणजे टपाचं पुढचं टोक २ इंच खाली आलं, पण मागचा भाग मूळ उंचीला ठेवला तर गाडी कुबड काढल्यासारखी दिसते, आणि मागचाही तेवढाच खाली घेतला तर डोकं आपटतं. यावर आम्ही काय केलं, तर वायरिंगच्या पातळ पाइपच्या कमानी वाकवून, टेपने चिकटवून गाडीवर नुसतं चित्र उभं केलं, आणि दोन शनिवार रस्त्यापलीकडे खुर्च्या टाकून बघत बसलो. मागची कमान दोन बोटं पुढे, एक बोट खाली, परत मागे. म्हातारबा आत बसायचे, मी त्यांच्या डोक्यावर हात आडवा धरून चार बोटं जागा राहते का बघायचो. शेवटी सीटचा फोम बदलून बूड दीड इंच खाली घेतलं तेव्हा मागची कमान खाली घेता आली आणि रेष जमली. म्हणजे टपाचं पहिलं काम सीटमध्ये झालं! हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. लोक टप उंच करतात आणि मग गाडी का बिघडली म्हणून कापडाला दोष देतात.

आता सांगाडा. दाराच्या मागे बॉडीला एकेक ब्रॅकेट, त्यावर पिनेवर फिरणारे लोखंडी दांडे, दांड्यांवर आडव्या तीन कमानी आणि सगळ्यात पुढे काचेवर बसणारी चौथी, तिला इथे हेडर म्हणतात. दांडे कात्रीसारखे एकमेकांत मिटतात. मी पाव मापाचं मॉडेल केलं, पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि टाचण्या, प्लायवर. रात्री जेवण झालं की डायनिंग टेबलावर पुठ्ठ्याचा टप उघडमिट करत बसायचो, बायको म्हणाली एवढं लक्ष कधी पोराच्या प्रोजेक्टात दिलं नाहीस. पण त्यात एक गोष्ट नीट कळली. ब्रॅकेटवरच्या दोन भोकांत १० इंचाचं अंतर आणि पिनेपासून हेडरपर्यंत ४० इंच, म्हणजे मागच्या भोकात अष्टमांश इंचाची चूक झाली की पुढे काचेपाशी अर्धा इंच फरक. मागे केलेली बारीक चूक पुढे चौपट होऊन भेटते. म्हातारबा लेथवाले असल्यामुळे त्यांना हे एका वाक्यात पटलं, भोकं त्यांनीच पाडली आणि पिनांना पितळी बुश घातले.

कमानी लाकडाच्या केल्या, अ‍ॅश नावाचं लाकूड, जुन्या काळी गाड्यांच्या बॉडीत हेच वापरायचे, चिवट असतं आणि खिळा धरतं. अष्टमांश इंचाच्या सात पट्ट्या इपॉक्सीने एकावर एक चिकटवून फरम्यावर शिकंज्यांनी आवळून ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी सोडायच्या. सोडल्या की थोड्या परत सरळ होतात, म्हणून फरमा हव्या त्या वाकापेक्षा जरा जास्त वाकडा ठेवायचा. पहिली कमान याच्यात गेली. मध्यभागी सव्वा इंच उंचवटा ठेवला, पाणी दोन्ही बाजूंना वाहून जावं म्हणून. टप अगदी सपाट केला की मध्ये डबकं होतं आणि कापड तिथेच आधी सडतं.

इथपर्यंत सगळं छान होतं, आणि मग कापड आणलं.

कापड हार्ट्झ कंपनीचं स्टेफास्ट. मॅसॅच्युसेट्समधली ही जुनी कंपनी, गाड्यांच्या टपाच्या कापडासाठी नावाजलेली. हे कापड तीन थरांचं असतं, वर रंगवलेल्या धाग्याचं अ‍ॅक्रिलिक, मध्ये ब्युटाइल रबराचा थर आणि आतून पॉलिएस्टर-कॉटन. पाणी अडवतं ते मधलं रबर, वरचं कापड नाही. पन्हा ६० इंच. म्हातारबांना काळं पाहिजे होतं, आजींनी फिकट खाकी निवडलं, म्हणजे खाकी आलं.

पहिल्या प्रयत्नात मी सरळसोट विचार केला. सांगाडा उभा केला, हेडर काचेवर अडकवलं, वरून पारदर्शक प्लास्टिक पसरलं, मार्करने कमानींच्या आणि कडांच्या खुणा केल्या, तो फरमा कापडावर ठेवून कापलं. मधली पट्टी, दोन बाजूच्या पट्ट्या, मागचा पडदा. मशीन भाड्याने आणली, वॉकिंग फूट, म्हणजे खालून दात आणि वरून पाय दोन्ही कापड पुढे ढकलतात, नाहीतर जाड कापडाचा वरचा थर मागे राहतो. ९२ नंबरचा बाँडेड पॉलिएस्टर दोरा, इंचाला सहा टाके. शिवून झालं, मागून ठोकत पुढे आलो आणि हेडरपाशी कापड सव्वा इंच कमी! मग दोघांनी ओढलं, तोंडं लाल होईस्तोवर ओढलं, हेडर कसंबसं काचेवर अडकलं, आणि बघतो तर मागच्या डाव्या कोपऱ्यातून दारापर्यंत तिरक्या चुण्या, जशा काही कुणी साडीचा पदर मुठीत धरून ओढलाय.

मी मामाला व्हिडिओ कॉल लावला. मामाने आधी गाडी बघितली, मग म्हातारबांना हात जोडून नमस्कार केला, मग म्हणाले, कापडाला उन्हात ठेव, तापलं की ओढ, चुण्या जातील. ऑगस्ट महिना, बाहेर ४० च्या आसपास तापमान, तीन दिवस गाडी उन्हात ठेवली. काही झालं नाही. मामाचं चुकलं असं नाही, त्यांच्या हाताला रेक्झिनची सवय, रेक्झिन तापलं की सैल पडतं, ओढून बसवता येतं आणि थंड झालं की ताठ होतं. विणलेलं तीन थरांचं कापड तसं वागत नाही, ते जसं कापलंय तसंच राहतं. म्हणजे रेक्झिन कारागिराला माफ करतं, हे कापड करत नाही.

दुसऱ्या कॉलला मात्र मामाने दोन मिनिटांत पकडलं. म्हणाले, "कॅमेरा जवळ ने. अजून जवळ. आता डावीकडची वीण दाव, आता उजवीकडची. लेका, डावीकडचं उरेप कापलंयस की!" आणि खरंच. कापड वाचवायला मी डावी पट्टी जरा तिरकी बसवून कापली होती, दहाएक अंशांनी. उभ्या धाग्यात कापड ताणत नाही, उरेप ताणतं. दोन्ही बाजूंना सारखा ताण दिला की डावी बाजू जास्त लांबणार आणि चुण्या तिथेच गोळा होणार. मी म्हणलं मामा, मग तेवढी पट्टी बदलतो. तर म्हणाले, "पट्टी बदल, पण सव्वा इंच कुठं गेलं ते आधी शोध. कापड नाही बोंबलत, कमान बोंबलतीय."

सव्वा इंच कुठे गेलं ते शोधायला कापड उसवून काढलं आणि नुसत्या सांगाड्याची मापं घेतली. माझ्या फरम्यात मागची कमान जिथे होती त्यापेक्षा पुढे आली होती, पाऊण इंच. कारण साधं होतं. कमानी पिनांवर मोकळ्या फिरतात, प्लास्टिक अंथरलं तेव्हा त्यांच्यावर काही ताण नव्हता, कापड ओढल्याबरोबर प्रत्येक कमान थोडी थोडी पुढे कलली आणि मागचा पडदा ताणून बसला. कमानींना जागेवर धरून ठेवतात ते पट्टे, जाड निवारीसारखे, मागच्या बॉडीपासून प्रत्येक कमानीवर ठोकत हेडरपर्यंत दोन्ही बाजूंना जाणारे. मी ते शेवटी लावायचे, गादीसारखी काहीतरी आतली सजावट असेल असं समजलो होतो. ते शेवटी नसतात, ते सगळ्यात आधी असतात. पट्टे ठोकले की मगच सांगाड्याला आकार येतो, तोवर तो नुसता उघडमीट होणारा पाळणा.

उरलेला अर्धा इंच जास्त बेरकी निघाला. कर्णांची मापं घेतली, डाव्या ब्रॅकेटपासून काचेच्या उजव्या खांबापर्यंत आणि उलट. दोन्हींत पाव इंचाहून जास्त फरक. म्हणजे बॉडीच वाकडी. नव्वदी ओलांडलेली गाडी, कधीतरी कुणीतरी पुढून ठोकलेली आणि सरळ केलेली, डाव्या बाजूचा काचेचा खांब उजव्याच्या पाऊण बोट पुढे. डोळ्याला दिसत नाही, टपाला दिसतं. मी मधली रेषा बॉडीच्या मागच्या पत्र्यावरून धरली होती, तिथून काटकोन काढत पुढे गेलो आणि काचेपाशी सगळं एका बाजूला सरकलं. म्हातारबांना सांगितलं तर गप्प झाले, मग म्हणाले हे मला १९७९ पासून माहीत आहे. अहो मग सांगायचं ना! (आपल्याकडे जुनं घर विकत घेताना घरमालक गळक्या भिंतीचं असंच सांगतो, भिंत गळल्यावर.)

दुसऱ्या वेळेला मग सगळा क्रम उलटा केला. आधी ब्रॅकेटच्या खाली पातळ पत्र्याच्या चकत्या घालून दोन्ही बाजूंचे दांडे असे बसवले की हेडर काचेवर बिनजोर, आपल्या वजनाने बसावं. हात सोडला तरी बसलं पाहिजे. मग घडी. कापड नसताना दहा वेळा उघडमीट, कुठे दांडा दांड्याला घासतो, कुठे बोट चिमटतं ते बघितलं, एका ठिकाणी दांडा ग्राइंडरने अर्धगोल कापावा लागला. मग पट्टे ठोकले, प्रत्येक कमानीचं अंतर दोन्हीकडे टेपने मोजून. मग पट्ट्यांवर पातळ गाद्या, म्हणजे कमानींचे उंचवटे उपाशी ढोराच्या बरगड्यांसारखे दिसू नयेत. मधली रेषा हेडरच्या मध्यापासून मागच्या कमानीच्या मध्यापर्यंत दोरा ताणून घेतली, बॉडीकडे बघितलंच नाही. गाडी वाकडी आहे ना, असू दे, टप स्वतःशी सरळ पाहिजे, आणि पाऊण बोटाचा फरक खालच्या कडेच्या गोटात मुरवला. आता सांगितल्याशिवाय कुणाला दिसत नाही.

फरमे नव्याने काढले, प्रत्येक शिवणीवर दर चार इंचाला आडवी खूण, म्हणजे दोन तुकडे जोडताना खुणेला खूण भिडवायची, ओढून जुळवायचं नाही. सगळे तुकडे उभ्या धाग्यात. कापड दीड मीटर जास्त लागलं, लागू दे. शिवणीचं तोंड असं ठेवलं की वरची घडी बाहेरच्या बाजूला वळलेली, पाणी शिवणीवरून घसरून जावं, आत शिरू नये. आणि एक गोष्ट, प्रत्येक टाका म्हणजे रबराच्या थराला पाडलेलं भोक आहे, त्यामुळे टाके बारीक मारले की काम सुबक दिसतं पण गळतं. सुती दोरा भिजला की फुगतो आणि भोक बुजवतो, पण तो कुजतो. पॉलिएस्टर कुजत नाही पण फुगतही नाही. म्हणून शिवणीला आतून सीलर लावलं, आणि कमानीच्या वर जिथे स्टेपल मारतो तिथे वरून हायडेम नावाची पट्टी, तिचं पोट उघडतं, आत स्टेपल मारायच्या आणि मग पट्टी मिटते, स्टेपल दिसत नाहीत. स्टेपल स्टेनलेसच्या, साध्या मारल्या तर दोन पावसाळ्यांत, म्हणजे इथल्या दोन हिवाळ्यांत, गंजाचे डाग.

आता ती पुढची ओढ, ज्याच्यात पहिल्यांदा तोंडघशी पडलो. त्याला एक युक्ती आहे आणि ती ओढायची नाहीच आहे. मागचा पडदा बॉडीला, मग मागच्या कमानीला, मग बाजूच्या पट्ट्या, मग मधली पट्टी, असं मागून पुढे यायचं. हेडर काचेवर अडकवलेलं असताना कापड हाताने नुसतं सपाट करून हेडरच्या कडेवर खडूची रेघ मारायची. मग हेडरची कडी सोडून ते दोन इंच वर उचलायचं, खाली लाकडाचा ठोकळा, म्हणजे सगळा ताण सुटतो, आणि त्या सैल अवस्थेत कापड रेघेच्या पुढे पाव ते तीन अष्टमांश इंच ओढून चिकटवायचं. ठोकळा काढून हेडर परत काचेवर दाबलं की दांड्यांची तरफ तुमच्यासाठी कापड ताणते. माणसाने दातओठ खाऊन ओढलं तर ताण मध्ये जास्त आणि कडेला कमी पडतो, तरफेने ताणलं तर सगळीकडे सारखा. आमचं पहिल्या दाबाला ढोलासारखं वाजलं, म्हातारबांनी बोटाने ठोकून बघितलं, परत ठोकून बघितलं, आणि काही न बोलता आजींना बोलवायला आत गेले.

पण गाडी उभी असताना ताणलेला टप आणि धावताना ताणलेला टप वेगळा. मी आकडेमोड केली होती. ताशी ६० मैलांना हवेचा दाब साधारण चौरस मीटरला ४४ किलोइतका होतो. टपावरून हवा वेगात जाते तिथे दाब उलटा, म्हणजे वर ओढणारा, आणि आमचा टप साधारण १.४ चौरस मीटर, अर्धा-पाऊण गुणक धरला तरी तीस ते पंचेचाळीस किलोची ओढ वरच्या दिशेला. शिवाय बाजूला पडदे नाहीत, म्हणजे आत शिरलेली हवा खालून ढकलते ती वेगळीच. पहिल्या फेरीला मी मागे दुसऱ्या गाडीत फोनवर शूटिंग करत होतो. ४५ मैलांपर्यंत ठीक, ५५ ला मधली पट्टी पुरीसारखी टम्म फुगली आणि हेडरचा मधला भाग काचेवरून बोटभर उचलला, कारण कड्या दोनच, दोन टोकांना. मध्ये तिसरी कडी टाकली. आणि मधल्या कमानीला कापडाच्या आतून एक खिसा शिवला, त्यात पातळ पट्टी सरकवून ती कमानीला स्क्रूने बांधली. म्हणजे कापड कमानीवर नुसतं टेकलेलं नाही, तिला धरून आहे. दुसऱ्या फेरीला कहोन खिंडीतून १५ नंबरच्या हायवेने वर गेलो. त्या खिंडीत वारा असा येतो की ट्रक डुलतात. फुगला, पण पुरीसारखा नाही, पापडासारखा. तेवढं चालतं.

पाण्याची परीक्षा बागेच्या नळीने केली. हेडर आणि काचेच्या मध्ये खडूची पूड भुरभुरवून मग पाणी मारलं, जिथे पूड भिजून ओघळ आला तिथे गळती. दोन ठिकाणी सापडली, एक बुजली. दुसरी डाव्या खांबाच्या कोपऱ्यात, तोच तो पुढे आलेला खांब, तिथे रबरी पट्टी दुहेरी लावली तरी तासाला दोनचार थेंब येतातच.

मागची खिडकी पारदर्शक व्हिनाइलची ठेवली, काचेची ठेवली असती तर घडी जाड झाली असती. पण थंडीत सकाळी ती ताठ असताना टप मिटला तर तडकते, म्हणून मिटायच्या आधी आत मऊ फडकं ठेवायचं, हे म्हातारबांना तीनदा सांगितलं आणि आजींना एकदा, लक्षात आजींच्या राहिलं. चढवायला लागणारा वेळ घड्याळ लावून बघितला, पहिल्यांदा सतरा मिनिटं, मग तेरा, आता आठ. खालची कड बॉडीला लिफ्ट-द-डॉट बटणांनी अडकते, ती बटणं तीन बाजूंनी घट्ट आणि ठिपक्याच्या एकाच बाजूने उचलली तर सुटतात. त्यांच्या संधिवाताच्या बोटांना आधी ठिपका सापडायचा नाही, म्हणून सगळे ठिपके पुढच्या बाजूला येतील असे बसवले, न बघता सुटतात.

पैशांचं म्हणाल तर वाया गेलेलं पहिलं कापड धरूनसुद्धा कारागिराने सांगितलेल्या आकड्याच्या चौथाईत बसलं, पण आमचे शनिवार त्यात धरलेले नाहीत. कारागीर महाग का सांगतो ते मात्र कळलं. तो कापडाचे आणि शिलाईचे पैसे घेत नाही, वाकडी बॉडी शोधायचे घेतो. पहिलं खाकी कापड फेकलं नाही, त्याच्या चुण्या पडलेल्या तुकड्यांतून गाडीचं आवरण आणि आजींना बागेतलं एप्रन झालं. एप्रन उरेप कापडाचं असल्यामुळे अंगाला छान बसतं म्हणे.

मामाला शेवटचे फोटो पाठवले तेव्हा त्यांनी ते मोठे करून करून बघितले असावेत, कारण अर्ध्या तासाने फोन आला. टप बरा म्हणाले. मग, "बाजूचे पडदे कुठायत?" मी म्हणलं मामा, अजून केले नाहीत. "मग वारा आत शिरणारच, टप फुगणारच. आधी पडदे कर." सध्या गॅरेजात दारांवर प्लास्टिक लावून फरमे काढणं चालू आहे. डाव्या दाराचा फरमा उजव्याला बसत नाही, आणि यावेळी म्हातारबांनी ते आधीच सांगितलंय.